दोस्त राष्ट्राची माणसं

लग्न ठरलं की कोल्हापूर, इचलकरंजी, पार निपाणीपासूनची माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला येतात. आमच्या घरच्या एका लग्नासाठी मीही असाच आलो होतो. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बायका मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात साड्यांचा ढीग वाढत चाललेला. मानाच्या साड्या एकीकडे, आहेराच्या दुसरीकडे, जावयांचे शर्टपीस आणि टॉवेल-टोप्यांचा हिशेब तिसरीकडे. घडी मोडायची, पदर खांद्यावर टाकून बघायचा आणि "दुसरा रंग दाखवा" म्हणायचं. गल्ल्यावरचे सिंधी शेठ गिऱ्हाइकाशी बोलताना अस्सल कोल्हापुरी हेल काढायचे आणि फोन आला की सिंधीत शिरायचे. रंगाच्या बाबतीत आपलं मत कोणी विचारणार नाही हे अर्ध्या तासात कळलं. मग मी चपला शोधल्या आणि बाहेर पडलो.

मला या कापडबाजाराच्या आधीचं गाव बघायचं होतं. आज जिथे होलसेलच्या पेढ्या आहेत, टेम्पोत गठ्ठे चढतात आणि पार्किंगवरून भांडणं होतात, तिथे १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापूरपासून काही किलोमीटरवर, पंचगंगेच्या बाजूला, वळिवडे गावाच्या शिवारात ही छावणी होती. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटांची पथकं असा सगळा संसार इथे होता. पोलिश शाळांत पोलिश पुस्तकं शिकवली जात. लॅटिनचे धडे घेणारी आणि संध्याकाळी नदीत डुंबणारी पोरं इथे वाढली. बाजारहाटापुरतं मराठीही त्यांच्या तोंडात बसलं.

ही माणसं इथवर आली कशी? पोलंड म्हटलं की आपल्याला हिटलर आठवतो. वळिवड्याच्या लोकांचं घर मात्र हिटलरने मोडलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. त्यानंतर १० फेब्रुवारी १९४०ची रात्र आली. कडाक्याची थंडी, दारावर थाप, हाताला लागेल ते गोळा करून स्लेजमध्ये बसायचं, मग मालगाडीचा डबा. त्या रात्री उचलले गेले ते मुख्यतः सरकारी जमिनींवर वसलेले माजी सैनिक आणि जंगलखात्याची माणसं, अर्थात सहकुटुंब. एप्रिलमध्ये दुसरी खेप, जूनमध्ये तिसरी, पुढच्या वर्षी चौथी. कुणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूड तोडायला, कुणी सैबेरियात, कुणी कझाकस्तानच्या माळावर.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि स्टालिन एका रात्रीत दोस्त राष्ट्रांच्या गोटात आला. ३० जुलैला लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी त्याचा करार झाला आणि पोलिश कैद्यांना माफी जाहीर झाली. गुन्हा काय होता ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, माफी मात्र मिळाली. मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून जनरल व्वादिस्वाफ आंदर्स बाहेर आले आणि त्यांनी फौज उभी करायला घेतली. ती बातमी ऐकून छावण्याछावण्यांतून माणसं दक्षिणेला निघाली. मिळेल त्या गाडीने, उरलं ते चालत. १९४२ मध्ये दोन खेपांत कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून जास्त सैनिक आणि नागरिक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. किनाऱ्यावरच उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली. टायफस आणि उपासमारीने पोखरलेली कित्येक माणसं तिथवर पोचूनही वाचली नाहीत.

सैनिक लढाईला लागले, पण बायकामुलांचं काय करायचं? ब्रिटिशांनी साम्राज्याच्या नकाशावर बोट फिरवलं. काही आजच्या टांझानिया-युगांडाकडे गेले, काही मेक्सिकोत, ७३३ मुलं न्यूझीलंडच्या पाहियातुआ गावात. काही भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी अनाथ मुलांसाठी बालाचडीला समुद्राकाठी छावणी उघडली आणि मुलांकडून स्वतःला 'बापू' म्हणवून घेतलं. ही गोष्ट अलीकडे बऱ्यापैकी गाजली आहे. वॉर्सामध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. वळिवडं त्याहून कितीतरी मोठं, पण त्याच्या गोष्टीला असा एक चेहरा मिळाला नाही. म्हणून ती मागे राहिली.

चेहरा नाही म्हणून आपण तो चिकटवतो. "कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिशांना आसरा दिला" हे वाक्य दर दोनचार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकू येतं. राजाराम महाराज १९४० सालीच वारले होते. छावणीच्या बहुतेक काळात गादीवर दत्तक घेतलेलं एक लहान मूल होतं, आणि तेही १९४६ मध्ये गेलं. कारभार रीजन्सीच्या नावाने चालायचा आणि दोऱ्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हातात होत्या. छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावे पडायचा, आणि ते सरकार ब्रिटिशांच्या उसनवारीवर उभं होतं. मुंबईतले पोलिश कॉन्सल यूजेनियुश बानाशिन्स्की आणि रेडक्रॉसचं काम बघणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांची धावपळ यामागे होती. कोल्हापूरने जमीन दिली, पाणी दिलं, बाजार दिला आणि शेजार दिला. माझ्या मते एवढं पुष्कळ आहे. त्याच्यावर राजवस्त्र चढवण्याची गरज नाही.

शेजार कसला होता, तेही बघायला हवं. मराठी वर्तमानपत्रांनी ब्रिटन, अमेरिका, रशिया या गटाला 'दोस्त राष्ट्रं' असा शब्द केला. शब्द छान आहे, पण १९४३ मध्ये तो कोल्हापूरच्या आसपास उच्चारताना जीभ जरा अडखळली असेल. हाकेच्या अंतरावरच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार उभं राहिलं होतं. त्यांच्या लेखी इंग्रज हा शत्रू. वळिवड्यातल्या पोलिश बाईच्या लेखी इंग्रज म्हणजे दोस्त, शत्रू रशिया. आणि रशिया तर अधिकृतपणे दोस्तांमधलाच. एकच शब्द, आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा दोस्त वेगळा, भाजी घेणाऱ्या बाईचा वेगळा. सौदा तरी होत होता. काही नाती त्याही पुढे गेली. छावणीतल्या एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं आणि जन्म इथेच काढला.

दोस्तीची दुसरी एक कडी आपल्याकडे फारशी कोणी जोडून बघत नाही. वळिवड्यातल्या मुलांचे बाप आणि थोरले भाऊ आंदर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरमधून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश निशाण लागलं. त्याच आठव्या ब्रिटिश आर्मीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले बाकीचे सगळे मेलेले किंवा जखमी, आणि हा एकटा मशिनगनच्या मोर्चावर धावून गेला. ग्रेनेड टाकला, दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि तिथेच शत्रूच्या गोळीने कोसळला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. देह सापडला नाही. नाव कोरलं आहे ते कासिनोच्या स्मारकावर, म्हणजे ज्या गावात पोलिशांची स्वतःची मोठी दफनभूमी आहे त्याच गावात.

दुसरी तारीख याहून जवळची आहे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर आठव्या आर्मीचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. एका अंगाला आठवी भारतीय डिव्हिजन, एका अंगाला पोलिश कोअर. त्या दिवशी संगमनेरकडच्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली, मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली. व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन ते घरी परतले. पोलिश कोअर त्याच मोहिमेत पुढे सरकत २१ एप्रिलला बोलोन्यात शिरली. त्यांना मात्र परतायला घर उरलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी पोलंड नकाशावर पश्चिमेला सरकवला होता. पूर्वेकडचा मोठा पट्टा सोव्हिएत युनियनकडे गेला, त्याच्या बदल्यात जर्मनीचा काही भाग पोलंडला. ल्वुफ, विल्नो, वोलिन, सगळं पलीकडे. वळिवड्यातल्या माणसांची घरं नेमकी याच पट्ट्यात होती. ५ जुलैला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला दिली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये विजयाचं भव्य संचलन झालं, त्यात मोंते कासिनोची पोलिश फौज नव्हती. आंदर्स यांचं नागरिकत्व वॉर्सातल्या सरकारने काढून घेतलं. छावणीत पंचगंगेचं पाणी पीत बसलेल्या बाईला आता कोणी विचारलं असतं, "मायदेशी जाणार का?", तर तिने काय उत्तर द्यावं? मायदेशी गेलं तर गाव तिथे नाही. गावी गेलं तर तो मायदेश नाही, आणि ज्यांनी मालगाडीत भरलं तेच तिथे मालक.

थोडे पोलंडला गेले. बरेचसे ब्रिटनला, तिथून पुढे कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात पांगले. ब्रिटनने त्यांच्यासाठी १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला. एवढ्या मोठ्या परक्या समूहाला वसवून घेणारा त्या देशाचा तो पहिलाच कायदा. ऐकायला फार उदार वाटतो. पण त्याआधी परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी याच सैनिकांना परत जाण्याचा आग्रह करून पाहिला होता. खाणकामगारांच्या आणि इतर संघटनांतून "पोलिशांनो, परत जा" असा सूर निघाला होता. वळिवड्याच्या कौलारू बराकीतून सुटलेली कुटुंबं बोटीने इंग्लंडला पोचली ती पुन्हा छावणीतच, पत्र्याच्या अर्धगोल निसन झोपड्यांत. फरक थंडीचा. आणि इथे घरचा पुरुष भेटला, हाही फरक. सहासात वर्षांनी बाप बघणारी पोरं ती. कित्येकांना बाप ओळखूही आला नसेल. १९५१ च्या शिरगणतीत ब्रिटनमध्ये पोलंडमध्ये जन्मलेली १ लाख ६२ हजार माणसं नोंदली गेली.

आणि वळिवडं? बराकी मोकळ्या होत होत्या, तोवर आपली फाळणी झाली होती. सिंधमधून निघालेली कुटुंबं महाराष्ट्रभरच्या युद्धकालीन छावण्यांमध्ये उतरवली गेली. कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, वळिवड्याच्या पोलिश छावणीचं गांधीनगर. एक सीमारेषा घर सोडून भलतीकडे गेली म्हणून जी माणसं इथे अडकली, ती बाहेर पडली. दुसरी एक सीमारेषा घर सोडून भलतीकडे गेली म्हणून जी माणसं निघाली, ती त्याच छपरांखाली आली. बराकीला काय कळतंय? पण मला तरी या जागेची खरी गोष्ट ही वाटते. पोलिशांच्या गोष्टीत सिंधी तळटीप म्हणून येतात आणि सिंध्यांच्या गोष्टीत पोलिश येतच नाहीत.

याच काळातली आणखी एक गोष्ट कोल्हापूरच्या दिलदारीची भाषणं ठोकताना आपण गिळतो. ३० जानेवारी १९४८च्या गांधीहत्येनंतर या शहरात आणि आसपास ब्राह्मणांची घरं जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. पाच वर्षं परक्या मुलखातल्या पाच हजार माणसांना सांभाळणाऱ्या गावाने शेजारच्या गल्लीत आग लावली. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, आणि दोन्ही एकाच शहराच्या नावावर आहेत.

बाहेर पांगलेल्या पोलिशांचा मायदेशाशी असलेला अबोला चाळीसेक वर्षं टिकला. त्यांच्या घरांत पोलिश बोललं जायचं, शनिवारच्या पोलिश शाळा चालायच्या. लंडनमध्ये निर्वासित सरकारही चालू होतं, राष्ट्राध्यक्षासकट. जगाने ते केव्हाच विसरून टाकलं होतं. आंदर्स १९७० मध्ये लंडनला वारले, त्यांना पुरलं मोंते कासिनोला, आपल्या सैनिकांमध्ये. पोलंडमधली बाजू उलटली १९८९ मध्ये, कम्युनिस्ट सत्तेवरून गेले. एप्रिल १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या सरकारने कबूल केलं, की कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घालणारे जर्मन नव्हते, सोव्हिएत गुप्त पोलीस होते. वळिवड्यातल्या काही घरांचे कर्ते पुरुष ज्या युद्धकैद्यांच्या छावण्यांतून बेपत्ता झाले, त्यांचा हिशेब पन्नास वर्षांनी असा लागला. २२ डिसेंबर १९९० ला निर्वासित सरकारचे शेवटचे अध्यक्ष रिशार्ड काचोरोव्स्की वॉर्साला गेले आणि युद्धापूर्वीची राजचिन्हं त्यांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या लेक वालेसांच्या स्वाधीन केली. काचोरोव्स्की स्वतः सोव्हिएत छावणीतून सुटलेले, आंदर्स यांच्या फौजेतले, कासिनोला लढलेले. वळिवड्याच्या पोरांच्या बापांपैकीच एक म्हणा. वीस वर्षांनी, १० एप्रिल २०१० ला, कातिनच्या स्मृतिसभेला जाताना स्मोलेन्स्कजवळ विमान कोसळलं, त्यात तेही गेले.

समेट झाला म्हणजे काय झालं? पासपोर्ट मिळाला, पदकं मिळाली, पाठ्यपुस्तकात सैबेरियाचा धडा आला. पण जन्मगाव आता युक्रेन किंवा बेलारूसमध्ये. तिथे जायचं तर पोलंडला मागे टाकून दुसऱ्या देशात जायचं. म्हणूनच असेल, पण या मंडळींनी बालपणाची जागा म्हणून पकडली ती कोल्हापूर. 'भारतातले पोलिश, १९४२–१९४८' या नावाने त्यांनी लंडनमध्ये मंडळ काढलं, संमेलनं भरवली, सगळ्यांच्या आठवणी गोळा करून जाडजूड ग्रंथ केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला. ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश थडग्यांची डागडुजी झाली. आपलं गाव बदललं तरी चीड येणार नाही, अशी जगात त्यांना एवढी एकच जागा उरली असावी. ल्वुफमध्ये आपल्या घरात दुसऱ्याला राहताना बघून पोटात कालवतं. वळिवड्यात आपल्या बराकीच्या जागी साड्यांचं दुकान बघून हसू येतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, त्यातले काहीजण पुन्हा आले. तेव्हाची पोरं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात, कुणी काठीवर, कुणी व्हीलचेअरमध्ये. ऑगस्टच्या महापुराचा चिखल शहराने नुकता कुठे धुतला होता. पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री सोबत होते, छत्रपती घराण्याने स्वागत केलं, ढोलताशे वाजले. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले, तेव्हा त्यांनी जामसाहेबांच्या स्मारकापाठोपाठ वळिवडे-कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली. मोंते कासिनोचं स्मारक तिथे शेजारीच आहे. निमजचे जाधव आणि माणगावचे घाडगे तिथे कुणाला आठवले का, माहीत नाही. आठवायला हरकत नव्हती.

मधल्या काळात पोलंडच्या दारात दुसऱ्यांच्या रांगा लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि मेदिकाच्या नाक्यावर, प्शेमिशलच्या स्टेशनवर लाखो युक्रेनी बायकामुलं उतरली. पुन्हा बायकामुलंच, पुरुष लढाईत. १९४३ मध्ये वोलिनमध्ये युक्रेनी बंडखोरांनी पोलिश गावं कापून काढली होती, ती आठवण दोन्हीकडे ताजी असताना पोलिश घरांनी आपल्या खोल्या उघडल्या. युक्रेनमध्ये वैद्यकी शिकणारे आपले विद्यार्थीही त्याच नाक्यांवर आले, त्यांना व्हिसाशिवाय आत घेतलं गेलं आणि जेशुफच्या विमानतळावरून त्यांची विमानं सुटली. त्या वेळी आपल्याकडच्या बातम्यांमध्ये जामसाहेब आठवले, एखाददुसऱ्या बातमीत वळिवडंही.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच देशाच्या बेलारूस सीमेवर, ब्याउओव्हिएझाच्या जंगलात इराकी, सीरियन आणि अफगाण कुटुंबं थंडीत अडकली होती. बेलारूसच्या राजवटीने त्यांना मुद्दाम ढकललं होतं, हे खरं. पोलंडने त्यांना मागे ढकललं, हेही खरं. २०२२ मध्ये त्या सीमेवर १८६ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण उभं राहिलं. १९४०च्या फेब्रुवारीत सोव्हिएत पोलिसांनी ज्या मुलखातून जंगलरक्षकांना बायकामुलांसकट उचललं, त्यातलंच हे एक जंगल.

याच्या उलट एक माणूस मला आठवतो. मॉरिस फ्रिडमन, वॉर्सात जन्मलेला ज्यू इंजिनियर. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात त्याने ग्रामराज्याचा आराखडा करायला मदत केली. आटपाडीजवळच्या 'स्वतंत्रपूर' या खुल्या तुरुंगामागेही तोच, ज्यावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा निघाला. उतारवयात त्याने निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली. तो आणि त्याची मैत्रीण वांदा दिनोव्स्का, दोघं पोलंड सोडून इथलेच झाले होते. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले, तेव्हा दोघं त्यांच्या कामाला लागले. त्यांना कुणी दोस्त राष्ट्र वगैरे विचारलं नाही.

दुकानातून फोन आला, "या आता, बिल करायचंय." परतलो तर गठ्ठे बांधून झाले होते. शेठनी वर एक नारळ आणि ब्लाउजपीस ठेवला, बस्त्याबरोबर देतात तसा. टेम्पोत जागा नव्हती म्हणून आम्ही दोघंतिघं रेल्वेकडे निघालो. सगळा परिसर गांधीनगर म्हणून ओळखला जातो, पण रेल्वेने जुनं नाव सोडलेलं नाही. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजीत 'वळिवडे' आहे. पॅसेंजर जेमतेम मिनिटभर थांबते. गठ्ठे आधी आत ढकलायचे आणि मग आपण चढायचं.